एका क्लिकचं काम

मंगळवार, ७ जानेवारी

शेवटी शिदोरीचं लोढणं माझ्याच गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं निष्ठुर इथे दुसरं कुणी नाही." याला कौतुक म्हणायचं की काय, ते चहा संपेपर्यंत ठरेना.

संगणक चालवणारी आमची सिस्टिम फुकट आहे आणि जुन्या, दमलेल्या संगणकांवरही चालते, म्हणून वाचनालयं, दवाखाने, लहानसहान शाळा ती घेतात. ती बसवली की काही साधनं तिच्याबरोबर आपोआप येतात. लिहायचं, इंटरनेट बघायचं, गाणी ऐकायचं, असलं. ऑफिसात याला आम्ही शिदोरी म्हणतो. बाकीचं ज्याला हवं त्याने इंटरनेटवरच्या आमच्या भांडारातून उतरवून घ्यावं. नवी आवृत्ती इतकी सुटली आहे की आम्ही लोकांना पाठवतो त्या पेनड्राइव्हमध्ये मावतच नाही, आणि मोठे पेनड्राइव्ह घ्यायला साहेब तयार नाहीत. म्हणजे शिदोरी हलकी करायची. प्रत्येक साधनामागे त्याला पोटच्या पोरासारखं जपणारा कुणीतरी आहे, आणि त्या प्रत्येकाच्या शिव्या मी खायच्या.

घरी नवरोबांना सांगितलं. म्हणाला, "तू काढणार सामान? आपल्या माळ्यावर फुटका पाळणा अजून आहे." याला विचारायला गेले हीच चूक.

शुक्रवार, १० जानेवारी

पहिल्या बैठकीत नियम जाहीर करून टाकला. प्रत्येक साधनाला एक वकील हवा, आणि वकिलाने सांगायचं की हे साधन वापरणारा माणूस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. कोण, कुठे, काय करत होता. 'लोकांना लागतं' चालणार नाही. 'असावं आपलं' तर मुळीच नाही.

नियम झकास लागू पडला. घड्याळं तीन होती, एक उरलं. सिस्टिम बसवण्याचा भाग जो लिहितो तो आमचा दाढीवाला बुद्धिबळासाठी भांडायला उभा राहिला. पाहिलेला माणूस कोण म्हटलं, तर म्हणाला, "मीच." स्वतःची साक्ष स्वतः देता येत नाही, म्हटलं. तेवढ्यात वापराचे आकडे सांभाळणारी मोजणीवाली मागून म्हणाली, "मी पाहिलंय ना त्याला खेळताना. रोज. कामाच्या वेळात." साहेब त्याच्याकडे बघायला लागले तसं त्याने आपणहून बुद्धिबळ मागे घेतलं.

माझी फोटोपेटी राहिली. नोकरीच्या सुरुवातीला मी लिहिलेलं पहिलं साधन. मोजणीवालीने तिच्या मावशीला लग्नाचे फोटो त्यात लावताना पाहिलंय. मी न्यायाधीश, म्हणून चेहरा मख्ख ठेवला, पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

रविवार, १२ जानेवारी

नवऱ्याचं काही बिनसलंय की सुधारलंय, कळत नाही. इतकी वर्षं पेपर आधी त्याच्या हातात, आणि घड्या मोडून चुरगळला की मग माझ्या. गेले कित्येक महिने सकाळी तो माझ्यापुढे ठेवतो. "तू वाच ना मोठ्याने. तुझ्या तोंडून वाईट बातमीसुद्धा बरी वाटते." मी वाचते. वाचताना मध्ये मध्ये माझी मतंही घुसडते, आणि तो ऐकून घेतो. आधी कधी ऐकून घेतलं होतं?

आणि बघतो कसा! परवा भाजी निवडत बसले होते, तर मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून टक लावून बघत होता. "काय रे?" म्हटलं, तर "काही नाही, बघतोय." या वयात! मेलं मला लाजायला झालं.

फक्त एका गोष्टीची काळजी वाटते. सदर बंद करावं म्हणतो. रोपवाटिकेतून निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने हा माणूस खुर्चीतल्या उशीसारखा पडून असायचा. मग एका साप्ताहिकाने बागेच्या प्रश्नांचं सदर दिलं आणि तो उठून बसला. कुणाच्या गुलाबाला कीड, कुणाचं लिंबू फळत नाही, याच्यावर दिवसभर विचार करतो. सदर म्हणजे त्याचा जीव आहे. ते गेलं तर तो पुन्हा त्या उशीसारखा होईल, आणि ते मला बघवणार नाही. "का बंद करायचं?" विचारलं, तर म्हणे, "पुरे झालं आता." हे काय उत्तर झालं?

त्यात नवं खूळ. वाचकांना लिहितो की पानांचे फोटो पाठवू नका, पान बोटांत धरा आणि हाताला कसं लागतं ते कळवा. गंमत म्हणजे वाचकांना ते आवडलंय.

गुरुवार, १६ जानेवारी

आज मोठा बकरा कापला. पडदावाचक. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते हा मोठ्याने वाचून दाखवतो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आपल्या भाषेतला त्याचा आवाज एकटाच इतकी जागा खातो की बाकीच्यांनी उभं राहून प्रवास करावा.

वकील दाढीवाला. मी विचारलं, "वापरणारा पाहिलास?"

"पाहिला नाही. पण असणार."

"असणार चालत नाही."

मोजणीवालीने आकडे काढले. ज्यांनी आकडे पाठवायला परवानगी दिली आहे, त्यांच्यात पडदावाचकाचा वापर जवळजवळ शून्य. दाढीवाला म्हणाला, "परवानगी विचारणारी खिडकी आवाज सुरू व्हायच्या आधी येते, मॅडम. ती वाचून कोण दाखवणार?" हा नेहमी असा कीस काढतो. मी म्हटलं, आपण पडदावाचक नष्ट करतोय का? भांडारात ठेवतोय. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. एका क्लिकचं काम आहे.

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "नियम तुमचा आहे," आणि बसला.

पेनड्राइव्हमध्ये आता जागाच जागा. साहेबांनी स्वतःच्या कपाटातली बिस्किटं सगळ्यांना वाटली. हे फार क्वचित होतं.

बुधवार, २२ जानेवारी

बाजारात साहेब भेटले. समोरून हसत आले, हात केला, आणि आमचे हे महाशय नाक वर करून सरळ पुढे! घरी येताना मी फैलावर घेतलं. "माझे साहेब होते ते! हात केला त्यांनी!"

"अच्छा, ते होते होय?"

"नाही, त्यांचं भूत होतं!"

तो हसला. रस्ता ओलांडताना माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. लबाड आहे, मला कसं गार करायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

दुपारी साप्ताहिकाच्या संपादकबाईंचा मला फोन. मजकूर पुन्हा उशिरा आला, तब्येत बरी आहे ना, वगैरे. तब्येतीला काय धाड भरलीय! हेडफोन लावून, डोळे मिटून संगणकासमोर बसलेला असतो. विचारलं तर म्हणतो गाणी ऐकतोय. गाणी ऐकत सदर लिहिल्यावर उशीर होणारच. शिवाय संगणकही मंद झालाय. नवी आवृत्ती हाताशी आली की पहिल्यांदा त्याच्याच संगणकावर बसवते, म्हणजे तरी कामाला वेग येईल.

शनिवार, १ फेब्रुवारी

आमच्याकडे रीत आहे. नवी आवृत्ती बाहेर जायच्या आधी तिची घरची परीक्षा होते. मी त्याच्या संगणकावर बसवते, तो चार दिवस वापरून गुण देतो. एकदा त्याने शंभरपैकी एकतीस दिले होते आणि मी दोन दिवस बोलले नव्हते.

या वेळी मात्र टाळाटाळ. "पुढच्या महिन्यात बघू." "आत्ता घाई काय?" शेवटी आज तो न्हाव्याकडे गेला तेव्हा मीच बसवून टाकली. त्याची पत्रं, जुने लेख, फोटो, सगळं आधी बाजूला काढून होतं तिथे परत ठेवलं. संगणक काय पळतोय! पडदा कसा लख्ख!

आला. मी म्हटलं, "बस, बघ." बसला. हेडफोन लावला, तीन बटणं दाबली, पुन्हा दाबली. मग म्हणाला, "अरे वा." शेजाऱ्याच्या मुलाचं गाणं ऐकून म्हणावं तसं. नंतर एकटाच फिरायला गेला. न विचारता केलं म्हणून फुगला असेल. उद्यापर्यंत उतरेल.

रविवार, २ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळपासून तो संगणकासमोर होता. सदर उद्या द्यायचं. तीच तीन बटणं एकदम दाबायचा, हेडफोन कानाशी घट्ट धरायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा. मी दोनदा विचारलं काय शोधतोयस, दोन्ही वेळा काही नाही म्हणाला. मग स्वयंपाकघरातून मला ऐकू आलं. संपादकबाईंना फोन लावून सांगत होता, या आठवड्यापासून नको, दुसरं कुणी बघा.

मी ओल्या हातांनी बाहेर आले. एवढ्याशा नव्या पडद्यापायी सदर सोडतोस? माझं काम इतकं टाकाऊ आहे? बरंच बोलले. तो ऐकत राहिला.

"तुला सापडत काय नाहीये, ते तर सांग! भांडारात सगळं आहे. इथे क्लिक कर."

"कुठे?"

"अरे इथे! मधोमध, एवढं मोठं बटण आहे!"

"मधोमधच काही दिसत नाही गं मला," तो म्हणाला.

मला वाटलं पडदा बिघडला. मी खरंच पदराने पडदा पुसला. पुसून झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं, तर तो मान वळवून कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग जातोय. कडेचं दिसतं, त्यावर तो चालतो, फिरतो, चहा ओततो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले. रोपवाटिकेत चक्कर मारून येतो म्हणून जायचा तो डॉक्टरांकडे. वाचणं मागच्या उन्हाळ्यातच संपलं. हेडफोनमध्ये गाणी नव्हतीच. आमचा पडदावाचक होता. कुणी शिकवलं नाही, बटणं दाबून दाबून स्वतः शिकला, आणि त्याच्यावर वाचकांची पत्रं ऐकून सदर लिहीत होता. टायपिंगला त्याला डोळे कधीच लागले नाहीत. "काल ती तीन बटणं दाबली," म्हणाला, "आणि कुणी बोललंच नाही."

तो आवाज मी काढला होता. त्याच्या संगणकावरून पुसलाही मीच, त्याला न विचारता.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"पेपर वाचताना तू इतकी खुलायचीस. म्हटलं, चालू दे थोडे दिवस."

"आणि ते तिरकं बघणं?"

"समोरून पाहिलं की तुझा चेहराच पुसला जातो. कडेने दिसतेस." मग म्हणाला, "रस्त्यात हात धरला तो मात्र उगीच. रस्ता सपाट होता."

मी रडले, खूप रडले, आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. कुणी कुणाला धीर द्यायचा, सगळं उलटंच चाललं होतं. मग उठले आणि जुनी आवृत्ती परत बसवली. त्याने बटणं दाबली, हेडफोन लावला, आणि त्याच्या खांद्यांचा ताण सैल झाला. संपादकबाईंना मीच फोन केला आणि सांगितलं की रागाच्या भरात बोलला, सदर येतंय.

पण जुनी आवृत्ती वर्षअखेर बंद होणार आहे. तसं पत्रक मीच काढलंय. ते सांगितल्यावर तो म्हणाला, "ऑफिसात माझं नाव काढायचं नाही. तुमच्या बैठकीत मला नमुना म्हणून उभा केलास तर याद राख."

सोमवार, ३ फेब्रुवारी

रजा टाकली. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. जे त्याने सांगितलं तेच त्यांनी सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

पेपर वाचला. माझी मतं घातली नाहीत, तर म्हणाला, "आज मीठ नाही बातम्यांत."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बैठक पुन्हा बोलावली. साहेब वैतागलेले, कारण पेनड्राइव्ह भरायला घ्यायचे होते. मी दाढीवाल्याला संगणकासमोर बसवलं, नवी आवृत्ती सुरू करायला लावली आणि पडद्याची वायर काढून घेतली.

"मॅडम, काही दिसत नाहीये."

"बरोबर. आता भांडारातून पडदावाचक उतरव. एका क्लिकचं काम आहे."

दाढीवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग माउस हलवत राहिला, बिचारा, अंधारात किल्ली शोधावी तसा. मोजणीवालीने प्रयत्न केला. साहेबांनी 'सरका, मी बघतो' म्हणून प्रयत्न केला आणि बहुधा संगणकच बंद केला.

"ठीक, पटलं," साहेब म्हणाले. "पण नियम तुमचाच आहे, मॅडम. डोळ्यांनी पाहिलेला माणूस कोण?"

नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "नियमच चुकला माझा. जो भांडारापर्यंत पोचू शकतो, त्याचं सामान भांडारात ठेवा. जो आवाजाशिवाय पोचूच शकत नाही, त्याच्या आवाजाला शिदोरीत जागा हवी. असा माणूस आपल्याला दिसणार कुठून? तो दारातूनच परत जातो."

मग साहेबांनी विचारायचं तेच विचारलं. "आणि जागा?"

"फोटोपेटी काढा."

ती आणि तिच्याबरोबरची चित्रं, चौकटी, नमुने मिळून केवढी जाड आहे ते मला आधीपासून माहीत होतं. वकील मिळाल्यामुळे वजन कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

मोजणीवाली म्हणाली, "अहो, पण मावशी?"

"मावशी उतरवून घेईल. तिला दिसतं."

वाईट वाटलं का? वाटलं. फोटोपेटीच्या नावावर रेघ मीच मारली. पण रेघ सरळ आली.

बाहेर जिन्यात दाढीवाल्याने गाठलं. हळूच म्हणाला, "पाहिलात ना तुम्ही कुणीतरी?" मी म्हटलं, "कामाला लाग." त्याने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी त्याचं पत्र आलं की आता पेनड्राइव्ह लावल्याबरोबर सिस्टिम पहिल्यांदा आवाजातच विचारेल, वाचून दाखवू का म्हणून. नको असेल त्याने एक बटण दाबावं.

रविवार, १६ फेब्रुवारी

घरची परीक्षा झाली.

या वेळी त्याने अट घातली. सगळं तो स्वतः बसवणार, अगदी पेनड्राइव्ह खोचण्यापासून, आणि मी पलंगावर बसायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी हाताची घडी घातली. पेनड्राइव्ह आधी उलटा लावला, मग सुलटा. आवाज बोलला. भाषा, नाव, परवलीचा शब्द, एकेक पायरी ऐकून तो पुढे जात होता. मध्येच सगळं गप्प झालं. वेळ ठरवायला जगाचा नकाशा येतो, आणि नकाशाला बोलता येत नाही हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी उठले.

"बस खाली," तो म्हणाला.

बसले. त्याने बरीच खुडबुड केली आणि कसाबसा पुढे सरकला. संगणकाचं घड्याळ आता कुठल्यातरी लांबच्या बेटाप्रमाणे चाललंय. उद्या दाढीवाल्याला सांगायचं. बाकी सगळं निर्विघ्न पार पडलं. शंभरपैकी बहात्तर दिले. नकाशाचे वीस कापले आणि आठ मी तीन वेळा खाकरले म्हणून. मी भांडले नाही.

मग त्याने वाचकांची पत्रं उघडली. हेडफोन न लावता, मला ऐकू यावं म्हणून. शिदोरीतला आवाज सावकाश बोलतो, नवख्यांना समजावं म्हणून तो वेग मीच ठरवलाय. त्याने दोन बटणं दाबली, आणखी दाबली, आणि आवाज असा सुटला की जणू पत्र्यावर तांदूळ ओतावेत. मला शब्दसुद्धा वेगळे ऐकू येईनात. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. आणि हा पठ्ठ्या मान हलवतोय! एकदम मोठ्याने हसला. मांडीवर थाप मारली.

"काय झालं?"

बोट वर करून मला थांबवलं. आणखी ऐकलं, पुन्हा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतका हसताना मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"अरे, काय म्हणतंय ते? मला काहीसुद्धा कळत नाहीये. सांग ना!"

"थांब गं, मध्ये बोलू नकोस," तो म्हणाला. "आधी मला पुरतं ऐकू दे, मग तुला सांगतो."

मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी गप्प बसून राहिले.